भाव काय भेटला?

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हिंगणघाटजवळच्या गावाहून माझ्याकडे आले होते. डिसेंबर २०२२. नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत ग्राइंडर चालू होता, आणि तो एकदा चालू केला की दोन दिवस, दोन रात्री बंद करता येत नाही. आम्हाला त्या आवाजात झोप लागते. बाबांना लागेना. रात्री दोनच्या सुमाराला ते भिंत चाचपत खोलीच्या दारात आले. एका डोळ्यावर पट्टी, अंगावर शाल.

"काय दळून राहिली एवढ्या राती?"

मी चमच्याने थोडं चॉकलेट काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चाटलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. "कडू हाये," म्हणाले. मग स्टुलावर बसले आणि ग्राइंडरकडे बघत विचारलं, "अन् हे ज्याच्या वावरात पिकते, त्याले काय भाव भेटते?"

तोपर्यंत चॉकलेट करायला लागून मला दहा वर्षं झाली होती. लोक विचारतात, साखर किती आहे, अंडं तर नाही ना, किती दिवस टिकेल, लग्नाच्या ऑर्डरला किती कमी कराल. पिकवणाऱ्याचा भाव मला कोणी विचारला नव्हता. बाबांना मात्र दुसरा कुठला प्रश्न सुचलाच नाही. आयुष्यभर बाजारातून परत आल्यावर दारातच त्यांना आईने हाच प्रश्न विचारला होता. भाव काय भेटला?

त्या दहा वर्षांतली निम्मी वर्षं तर मी जे करत होते ते चॉकलेटही नव्हतं. २०१२ मध्ये सीताबर्डीला तीन दिवसांचा क्लास केला. इतवारीतून कंपाउंडच्या लाद्या आणायच्या, डबल बॉयलरवर वितळवायच्या, साच्यात ओतायच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या, रंगीत चांदीत गुंडाळायच्या. दिवाळीला दोनशे-अडीचशे डबे जायचे. डब्यावर "होममेड चॉकलेट्स" असं छापलेलं असे आणि मला त्याचा अभिमान होता. एकदा लादीचं वेष्टन नीट वाचलं. कोको पावडर, साखर आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. कोकोच्या बीमधलं जे मूळ लोणी असतं, ज्यामुळे चॉकलेट जिभेवर विरघळतं, ते त्यात नव्हतंच. ते महाग, म्हणून काढून घेतलेलं. कोको कुठल्या देशातला, कुठल्या गावातला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या घरात फक्त वितळवणं आणि ओतणं होत होतं, आणि मी त्याला होममेड म्हणत होते.

मग पहिल्यांदा कोकोच्या बिया मागवल्या. पाच किलोचं पोतडं आंध्रातून आलं. उघडल्याबरोबर नाकात शिरला तो व्हिनेगरचा, आंबलेल्याचा वास. मला वाटलं माल खराब आला. फोन केला तर पलीकडचे शेतकरी म्हणाले, अम्मा, वास येतो म्हणजेच माल चांगला आहे.

त्या वासाचा उलगडा व्हायला मला तिथे जावं लागलं. नागपूरहून रात्रीची गाडी, सकाळी विजयवाडा, तिथून पुढे एलुरूकडे. नारळाच्या उंच झाडांच्या सावलीत कोकोची बुटकी झाडं. फळं फांदीच्या टोकाला नाही, सरळ खोडाला लागलेली, फणसासारखी. शेतकऱ्याने एक फळ लाकडाच्या ठोकळ्याने आपटून फोडलं. आत पांढऱ्या ओल्या गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया. गर चोखून बघितला. सीताफळाच्या जवळ जाणारी चव, पण आंबट. बी मात्र चावली तर नुसती तुरट, कडू, आतून जांभळी. त्या बीला चॉकलेटची चव नसते. ती नंतर येते. बिया गरासकट लाकडी पेटीत भरायच्या, वरून केळीची पानं झाकायची, आणि पाच-सहा दिवस आंबू द्यायच्या. दर दिवसाआड वरखाली करायच्या. त्यांच्या घरच्या ताईंनी पान बाजूला करून माझा हात पेटीत घातला. आत इतकं गरम होतं की मी हात मागे घेतला. बाहेर कसलाही जाळ नाही, ती सगळी आंबण्याची ऊब. ते तापमान पन्नास अंशांपर्यंत जातं, त्यात बी मरते, आणि ती मेल्यावरच तिच्या आत चवीची तयारी सुरू होते. मग आठवडाभर उन्हात वाळवणं, रोज पायाने उलटवणं, ढग आला की धावत झाकणं.

मी घरी जे करते ते याच्या पुढचं. भाजणं, फोडणं, टरफल काढणं. टरफल काढायला लोक यंत्रं वापरतात, मी आईचं सूप वापरते. भाजलेली बी लाटण्याखाली फोडून सुपात घ्यायची आणि पाखडायची. टरफल हलकं, ते उडतं, कणी मागे राहते. ज्वारी पाखडताना मनगटाला जो झटका द्यावा लागतो, तोच. मग कणी ग्राइंडरमध्ये. हा ग्राइंडर म्हणजे इडली-डोशाचं पीठ दळायचा, कोइंबतूरचा, ग्रॅनाइटच्या दगडांचा. २०००च्या दशकात अमेरिकेत घरी चॉकलेट करू पाहणाऱ्या हौशी लोकांना परवडेल असं यंत्र मिळेना, तेव्हा त्यांनी हाच आपला ग्राइंडर थोडा बदलून वापरायला घेतला, आणि आज जगभरच्या छोट्या चॉकलेटवाल्यांकडे तो असतो. मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो. रवाळ कणी दोन दिवसांत इतकी बारीक होते की जिभेला कण लागत नाही. त्यानंतर टेंपरिंग. पंचेचाळीस अंशांवरून सत्तावीसपर्यंत उतरवायचं, पुन्हा एकतीसपर्यंत चढवायचं. हे जमलं तर वडी मोडताना टक् असा कोरडा आवाज येतो. नाही जमलं तर वर पांढरट बुरशीसारखे डाग येतात, आणि सगळं परत वितळवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात यातलं काहीच होत नाही. कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर. कुलर लावावा तर त्याच्या ओल्या हवेने साखरेला पाणी सुटतं. म्हणून माझा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत, फार तर होळी. वर्षाला तीनशे किलोच्या आत.

पण सांगायचं होतं ते भावाचं. बाबांना मी त्या रात्री आकडा सांगितला. बाजारात वाळलेल्या बीचा भाव तेव्हा किलोला २००-२२० रुपये होता, मी ३०० देत होते. सांगताना मला बरं वाटलं. बाबांनी विचारलं, एका वडीत किती लागते? ७० टक्के कोकोची ५० ग्रॅमची वडी, भाजण्याची आणि टरफलाची घट धरून साधारण ४६ ग्रॅम बी. विकते कितीला? २२०. बाबांनी डोळे मिटून तोंडी हिशेब केला. त्यांना कागद लागत नाही.

"चौदा रुपये. म्हणजे शंभरातले सहा."

मी गप्प बसले. कारण "शंभरातले सहा" हे शब्द मी आधी वाचले होते, वेगळ्या ठिकाणी. मोठ्या कंपन्यांच्या चॉकलेटच्या किमतीतून पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या हातात सहा-सात टक्के पडतात असा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो. तो वाचून मी हळहळले होते, माझ्या वडीच्या वेष्टनावर "शेतकऱ्याला न्याय्य भाव" असं छापलं होतं. आणि माझ्या वडीतही सहाच. धरमपेठेतलं दुकान त्याच २२० मधून ६६ रुपये कापून घेत होतं. खोका, कुरिअर, बर्फाची पाकिटं, एसीचं बिल. फसवणूक कोणीच करत नव्हतं आणि तरी सहाच.

त्यानंतर मी कोकोचा इतिहास नीट वाचायला घेतला, आणि वाचता वाचता सारखं वाटत राहिलं की हे मला माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश चॉकलेट कंपन्या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साओ टोमे बेटावरून कोको घेत. तिथे अंगोलातून पकडून आणलेली माणसं गुलामासारखी राबतात हे उघड झालं. बरीच टाळाटाळ झाली आणि अखेर १९०९ मध्ये त्या कंपन्यांनी तो कोको घेणं थांबवलं. मग त्यांनी माल घेतला तो गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा. तिथे मळेवाले नव्हते, छोटे शेतकरी आपापल्या जमिनीत कोको लावत होते. म्हणजे घानाचा कोको हा त्या काळचा नैतिक कोको होता! १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला. गुलामी गेली, पण भाव ठरवणारे तेच राहिले. १९३७ साली युरोपीय खरेदीदारांनी आपसात संगनमत करून भाव बांधला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी महिनोन् महिने माल विकायचाच नाही असं ठरवलं. पुढे १९४७ मध्ये सरकारी मंडळ आलं, सगळा कोको त्यालाच विकायचा.

आमच्याकडे १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-विदर्भाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली ती बरीचशी त्या कापसासाठी. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली, सगळा कापूस सरकारलाच विकायचा. बाबांनी ती पूर्ण भोगली. ग्रेडिंगच्या रांगेत बैलबंडीखाली झोपलेले ते मला आठवतात. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्री गाड्या सीमेपलीकडे जायच्या. आज घाना आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवर कोकोचं तेच होतं.

मुलांचं सांगते, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २००१ मध्ये अमेरिकेत चॉकलेट कंपन्यांनी हार्किन-एंगल करारावर सह्या केल्या: कोकोतली बालमजुरीची सगळ्यात वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू. २००५ चं २००८ झालं, मग २०१०, मग "२०२० पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करू". २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेचा अहवाल आला. त्या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतात बालमजुरी करतात. बहुतेक सगळी धोक्याच्या कामात: कोयत्याने फळं फोडणं, फवारणी, डोक्यावर जड ओझी.

मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचलेला आहे. पहिल्या वेच्याला आई सीतादही करायची, वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, आणि मग आम्ही भावंडं ओटी बांधून ओळीत शिरायचो. बोंडाची टोकं नखांच्या कडेने शिरतात, संध्याकाळी भात कालवताना बोटं झोंबतात. मला ते दिवस दुःखाचे म्हणून आठवत नाहीत. पण मी सुट्टी संपली की शाळेत जात होते. आमच्याच ओळीत वेचणारी एक मुलगी जात नव्हती, तिच्या आईला किलोवर मजुरी मिळायची आणि दोन हात जास्त लागले की किलो जास्त भरायचे. तिच्या आईवर कोणाला दोष द्यायचा असेल तर त्याने आधी त्या साली आम्हाला कापसाचा काय भाव मिळाला ते बघावं, आणि आम्ही तिला काय दिलं तेही. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला मजूर परवडत नाही, म्हणून पोर शेतात जातं. तपासनीस पाठवून, वेष्टनावर शिक्का छापून हे थांबत नाही, वीस वर्षं थांबलेलं नाही. बीचा भाव वाढल्याशिवाय ते थांबणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि २०२४ मध्ये भाव वाढला. पश्चिम आफ्रिकेत झाडं म्हातारी झालेली, विषाणूचा रोग पसरलेला, पावसाचं गणित बिघडलेलं. पीक इतकं घटलं की दोन वर्षांपूर्वी टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १२ हजारांच्या वर गेला. किलोला १२ डॉलर. त्याच हंगामात आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याचा सरकारने बांधलेला भाव होता १,८०० सीएफए फ्रँक, म्हणजे सुमारे ३ डॉलर. तिथल्या सरकारी मंडळाने माल भाव चढायच्या आधीच वायद्यात विकून टाकला होता.

आंध्रातल्या शेतकऱ्यापुढे असलं मंडळ नव्हतं, त्यामुळे त्याला खरंच भाव मिळाला. किलोला हजाराच्या घरात. मला फोन आला, आवाजात संकोच होता. अम्मा, बाजार हजारावर आहे, तुमचं काय करू? मी हजार दिले. एका वडीला ४६ रुपये. वडी २८० ची केली. ज्या बायका दहा वर्षं डबे घेत होत्या त्यातल्या बऱ्याच जणींनी परत कंपाउंडवालीकडे ऑर्डर दिली. मला राग आला नाही. दिवाळीचे पन्नास डबे वाटायचे तर माणूस हिशेब करणारच. माझी ती दिवाळी मात्र फार वाईट गेली. बी ओली आल्यामुळे एक पूर्ण घाणा वाया गेला तेव्हा मी खोलीचं दार लावून रडले.

पुढच्याच वर्षी भाव पडायला लागला आणि २०२५ मध्ये आंध्रातले कोको उत्पादक रस्त्यावर आले. मी आणि माझ्या शेतकऱ्याने तेव्हा फोनवरच ठरवलं, ६०० च्या खाली जायचं नाही. बाजार काहीही असो. कागद नाही, सही नाही. ६०० ला वडीमागे साडेसत्तावीस रुपये होतात, २८० मधले. शंभरातले दहा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं हाये." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मी मोठ्या कारखान्यांना शिव्या देत बसत नाही. भारतात व्यापारी कोकोची लागवड सुरू झाली तीच १९६५ मध्ये वायनाडला एका ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने. आणि नंतर जेव्हा भाव पडून केरळ-कर्नाटकातले लोक झाडं तोडायला निघाले, तेव्हा मंगळूरच्या कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने माल उचलला, १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. तो कारखाना छोटा नाही, पण तो शेतकऱ्यांचा आहे. मला तो माझ्या मागच्या खोलीपेक्षा मोठी गोष्ट वाटतो. तीनशे किलोच्या माझ्या धंद्याने एका घराचं थोडं भलं होतं. कॅम्पकोने हजारो घरांची झाडं उभी ठेवली.

एक गोष्ट अजून मला सुटलेली नाही. वडीत ७० टक्के कोको, आणि उरलेली ३० टक्के साखर. बीच्या पेटीत मी हात घालून आले, साखर मात्र इतवारीतल्या होलसेलवाल्याकडून पन्नास किलोचं पोतं येतं. हा ऊस कोणी तोडला? घानातल्या पोराच्या हातातल्या कोयत्याबद्दल मी लोकांना तळमळीने सांगते. आपल्या महाराष्ट्रात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच "कोयता" म्हणतात, एक कोयता म्हणजे दोन माणसं, आणि दिवाळीनंतर मराठवाड्यातून जे ट्रॅक्टर निघतात त्यांत भांड्याकुंड्यांवर त्यांची पोरंही बसलेली असतात, शाळा सोडून. माझ्या वेष्टनावर "न्याय्य भाव" असं छापलेलं होतं ते मी काढून टाकलं. आता फक्त गाव, बी कितीला घेतली तो आकडा आणि साल छापते. साखरेच्या पुढची जागा रिकामी आहे. यंदा कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळाशी बोलणं चालू आहे. गुळात पाणी असतं, ग्राइंडरमध्ये चॉकलेट घट्ट होऊन बसतं. दोन वेळा बसलं.

२०२५च्या डिसेंबरात बाबा पुन्हा आले, दुसऱ्या डोळ्यासाठी. पहिल्या वेळी आले तेव्हा आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांवर गेलेला कापूस पुन्हा तेवढा चढेल म्हणून घरात भरून ठेवून आले होते. तो चढला नाही. २०२५च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आणि वेचणीच्या तोंडावर बाजार हमीभावाच्या खाली गेला. या वेळी ते काही भरून ठेवून आले नव्हते.

एलुरूहून फोन आला तेव्हा मी सुपात कणी पाखडत होते, हात भरलेले. बाबांनी उचलला. पलीकडे तोडकं हिंदी, अलीकडे तोडकं हिंदी.

"हाँ, उसका बाप बोलता," बाबा म्हणाले. मग पाऊस किती झाला, विहिरीला पाणी आहे का, मजूर मिळतात का. मग बराच वेळ बाबा नुसते ऐकत होते. पलीकडून काय विचारलं ते मला कळलं, कारण बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"कपास?" ते म्हणाले. "सात हजार भी नहीं."